खंडाळ्याची रात्र

खंडाळा म्हटले की पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे बोरघाट, धुके, धबधबे आणि मुंबईकरांचे बंगले उभे राहतात. प्रस्तुत लेखातील खंडाळा तो नव्हे. हा खंडाळा सातारा जिल्ह्यातला. पुण्याहून साताऱ्याकडे निघून शिरवळापाशी नीरा ओलांडली, म्हणजे पुणे जिल्हा मागे पडतो आणि थोड्याच वेळात खंबाटकीच्या डोंगराच्या पायथ्याशी हे तालुक्याचे गाव लागते. डोंगराच्या अलीकडचे पाणी नीरेला मिळते, पलीकडचे कृष्णेला. सह्याद्रीचा मुख्य माथा पश्चिमेस राहिल्यामुळे पाऊस येथे बेताचाच. वैशाखात सारे डोंगर गवताच्या वाळल्या काडीसारखे पिवळे दिसतात. याच तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मस्थान. ३ जानेवारी १८३१ रोजी त्या तेथे जन्मल्या. पूर्वेस लोणंद, तेथील कांद्याची बाजारपेठ सर्वश्रुत आहे. इतके असूनही प्रवासी खंडाळ्यास थांबत नाही. तो चहा घेतो आणि घाट चढू लागतो.

अशा गावी झोप मिळावी म्हणून कोणी जात नाही. हवापालटाची गावे निराळी असतात; तेथे सरूची झाडे असतात, शांतता असते आणि भाडेही त्याच मानाने असते. खंडाळ्यास तर रात्रभर हमरस्ता वाहतो. तथापि गतवर्षी चैत्रापासून आषाढापर्यंत चार महिने आम्ही उभयता येथे आमच्या पुतण्याच्या घरी राहिलो, आणि निद्रेसंबंधी आम्हांस जे काही कळले ते बहुतांशी याच गावात कळले. अनिद्रेचा विकार चार वर्षांपासून आमच्या सोबतीला होता. रात्री दहाला डोळा लागे, दोनच्या सुमारास उघडे, आणि पुढे उजाडेपर्यंत कूस पालटणे हाच उद्योग राही. ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्या घरास हे गाऱ्हाणे नवे नाही. म्हणून या लेखात गावाचे वर्णन आणि निद्रेचा विचार हे दोन्ही एकमेकांत मिसळून येतील. ते वेगळे करणे आम्हांस साधले नसते.

प्रथम आपल्या पूर्वजांनी निद्रेस किती मान दिला आहे ते पाहू. चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दौर्बल्य ही निद्रेच्या अधीन आहेत, असे ते सांगतात. निद्रेचे प्रकार सांगताना रात्रीच्या स्वभावानेच जी येते तिला त्यांनी 'भूतधात्री' असे नाव दिले. प्राण्यांना दाईसारखी सांभाळणारी, असा त्याचा अर्थ. पतंजलींनी निद्रेची गणना चित्ताच्या पाच वृत्तींत केली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिनिद्रा करणारा आणि सदा जागणारा या दोघांनाही योग साधत नाही असा निर्णय आहे. तो निर्णय ज्याला ऐकविला त्या अर्जुनाचे एक नाव 'गुडाकेश', म्हणजे निद्रेला जिंकणारा, असे असावे यात मौज आहे.

महाभारतात अनिद्रेचे एक सबंध उपपर्वच आहे. उद्योगपर्वातील ते प्रजागरपर्व. संजय पांडवांकडून परत आला, पण निरोप उद्या सभेत सांगेन म्हणून घरी गेला. उद्या काय ऐकावे लागणार, या धास्तीने धृतराष्ट्राची झोप उडाली. त्याने विदुरास बोलावून घेतले आणि रात्र बोलण्यात गेली. झोप कोणाला येत नाही याची यादी विदुराने आरंभीच दिली आहे: बलवंताने गाठलेला साधनहीन दुर्बळ, ज्याचे सर्वस्व हरण झाले असा, कामातुर आणि चोर. यांपैकी एखादा दोष आपल्यास लागला आहे काय, असे तो राजाला विचारतो. हजारो वर्षांपूर्वीच्या या प्रश्नात आजच्या वैद्यकाचे अर्धे शहाणपण आहे. कारण झोप का येत नाही याचा शोध अंथरुणात घेऊन भागत नाही, तो माणसाच्या दिवसात घ्यावा लागतो. मात्र खंडाळ्यात चार महिने काढल्यावर आम्हांस असे वाटू लागले की, विदुराच्या यादीत आणखी एका वर्गाची भर घालावयास हवी. तो वर्ग कोणता हे ओघाने येईल.

पुतण्याचे घर गावाच्या कडेला आहे. पहिल्याच रात्री दोन वाजता आम्ही जागे झालो ते घाट चढणाऱ्या मालमोटारींच्या घरघराटाने. डोंगर पोखरून बोगदा झाल्यावर साताऱ्याकडून पुण्यास जाणारी वाहने त्यातून जाऊ लागली, पण पुण्याकडून येणाऱ्यांच्या नशिबी घाटाची चढण राहिली. पुढे आणखी रुंद अशा जुळ्या बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले. घाटात खामजाईचे देऊळ आणि पाण्याचे टाके आहे. जुन्या काळी बैलगाड्या तेथे विसावा घेत. आजचा मोटारवाला विसावा घेतोच असे नाही.

सायंकाळी फिरावयास जाताना पायथ्याच्या एका धाब्यावर आम्ही चहा घेत असू. तेथे सांगलीकडील एक मालमोटार चालक भेटले. वय पन्नाशीचे, केस पिकलेले. आम्ही शाळामास्तर होतो हे कळताच त्यांनी बाकावर जागा करून दिली. रात्री गाडी चालविताना झोप कशी आवरता, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, झोप काय सांगून येत न्हाई. डोळं उघडंच असत्यात, पण म्होरचं दिसत न्हाई. पहाटं तीन ते पाच लई वाईट. तंबाखू खाल्ली, काच खाली केली, गाणी लावली, तरी काय उपेग न्हाई. गाडी बाजूला घेऊन अर्धा घंटा पडायचं, ह्योच एक इलाज." मालक अर्धा घंटा देतो काय, असे विचारता ते नुसते हसले.

या गृहस्थांनी जे अनुभवाने सांगितले तेच शास्त्रही सांगते. आपल्यास झोप येते ती दोन कारणांच्या संयोगाने. पहिले कारण म्हणजे जागरणाचा साठा. माणूस जितका वेळ जागा राहतो तितके मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य वाढत जाते आणि झोपेची ओढ वाढते; झोप घेतली की ते ओसरते. चहा आणि कॉफी यांतील कॅफिन त्या द्रव्याची वाट अडविते, म्हणून तरतरी वाटते. परंतु साठा तसाच राहतो. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जावयास साधारणतः पाच तास लागतात, तेव्हा सायंकाळच्या सहाचा चहा रात्री अकराला पुरता गेलेला नसतो. दुसरे कारण म्हणजे शरीरातील घड्याळ. ते मेंदूत डोळ्यांच्या मागील भागी असते आणि मुख्यतः उजेडावर चालते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांनी केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ पहाटेच्या प्रहरी सर्वांत मंद असते. त्या वेळी चालकाचा डोळा क्षणभर मिटला आणि गाडीचा वेग तासाला साठ किलोमीटर असला, तर एका सेकंदात गाडी सोळा मीटरांहून अधिक पुढे जाते. घाटात तेवढे अंतर पुष्कळ झाले. मोटारवाहतूक कामगारांचे काम दिवसास आठ आणि आठवड्यास अठ्ठेचाळीस तास असावे असा कायदा १९६१ सालीच झालेला आहे. पण कायदा घाटात येऊन उभा राहत नाही.

खंडाळ्यातील दुसरे जागरण शेतकऱ्याचे. आमच्या शेजारी एक बागायतदार राहतात. थोडा ऊस, थोडा कांदा. एके रात्री अकरा वाजता ते विजेरी आणि काठी घेऊन बाहेर पडताना दिसले. शेतीपंपांना पूर्ण दाबाची वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी वहिवाट महाराष्ट्रात अनेक वर्षे चालत आली आहे. रात्रीची पाळी आली म्हणजे मोटर चालू करून दारे धरावयास रानात जावे लागते. ऐन थंडीत पाय चिखलात, आणि विंचूसापाचे भय निराळेच. "गुरुजी, आमची झोप लाइटीच्या हातात," असे ते सहज बोलून गेले. दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. अशा योजनेचा हिशोब मेगावॉटमध्ये मांडतात. आमच्या मते तो झोपेच्या तासांतही मांडावा. दिवसा पाणी मिळणे म्हणजे एका कुटुंबाची रात्र परत मिळणे होय.

तिसरे जागरण प्रत्यक्ष आमच्या घरातले. पुतण्या शिरवळच्या एका कारखान्यात कामास आहे. तेथे पाळ्या असतात. तीन आठवड्यांत एक आठवडा रात्रपाळीचा. सकाळी आठला तो घरी येई तेव्हा घर नुकते जागे होऊन गजबजलेले असे. कुकरच्या शिट्ट्या, नातवाची शाळेची धांदल, दारावर भाजीवाला. तो चार तास कसाबसा डोळे मिटून पडे आणि उठे तो चिडचिडा होऊन. रात्रपाळी करणाऱ्याने काय करावे हे आता बऱ्यापैकी ठाऊक झालेले आहे. घरी परतताना डोळ्यांवर गडद चष्मा लावावा, म्हणजे सकाळचा उजेड शरीराच्या घड्याळास उठवीत नाही. आल्यावर हलके खाऊन लगेच निजावे. खोलीत पूर्ण अंधार करावा. कामावर जाण्यापूर्वी सायंकाळी थोडी झोप काढावी. चहा घ्यावयाचा तो पाळीच्या पूर्वार्धातच घ्यावा. आम्ही मागच्या खोलीच्या खिडकीस जाड काळे कापड लावून दिले, आणि नातवाने पुठ्ठ्यावर 'बाबा झोपले आहेत' असे लिहून तो दारास टांगला. तो पुठ्ठा घरातील सर्वांनी पाळला. भाजीवाल्यानेही पाळला. पुढच्या रात्रपाळीत पुतण्या सहा तास निजला.

आता ज्यांची झोप पाहून हेवा वाटावा अशा मंडळींविषयी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघून वाल्ह्यानंतर नीरेवर येते. तेथे पादुकांना स्नान होते आणि सोहळा सातारा जिल्ह्यात प्रवेश करून लोणंदास मुक्काम करितो. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. या सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देणारे हैबतबाबा हे याच सातारा जिल्ह्यातील आरफळचे. ज्येष्ठ संपता संपता आम्ही एस.टी.ने लोणंद गाठले आणि एक रात्र तेथे काढली.

समाजआरती झाली, कीर्तन झाले, आणि हळूहळू त्या अफाट तळावर निजानीज होऊ लागली. तंबूत, मालमोटारीच्या सावलीत, शाळेच्या ओवऱ्यांत, जेथे जागा मिळाली तेथे. अंगाखाली सतरंजी, उशाला पिशवी. शेजारी जनित्राचा आवाज आणि डोक्यावर झगझगीत दिवा असतानाही सत्तरीचा एक म्हातारा पाठ टेकताच घोरू लागला. आमच्यासारख्या माणसाच्या मनात आले, घरी गादी, पंखा आणि मच्छरदाणी असून जे लाभत नाही ते यांना येथे कसे लाभते? केवळ श्रद्धेने, असे म्हणून हा प्रश्न मिटविता येईल. परंतु नीट पाहिले तर श्रद्धेबरोबर आणखीही काही दिसते. हा म्हातारा रोज पहाटे ठरल्या वेळी उठतो. सूर्य उगवताना तो उघड्यावर असतो. दिवसभर चालतो. भोजन, भजन, विसावा, मुक्काम यांच्या वेळा ठरलेल्या. आता किती वाजले आणि झोप का येत नाही हा विचार करण्यास त्यास सवड नसते, कारण उद्याचा मुक्काम दुसऱ्या कोणी ठरविलेला असतो. झोपेचा प्रयत्न तो मुळीच करीत नाही. त्याचा सारा दिवसच झोपेच्या दिशेने चाललेला असतो.

परत आल्यावर हा म्हातारा आमच्या मनातून जाईना, आणि साताऱ्याच्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही चैत्रातच गेलो होतो त्यांच्या सांगण्याचा अर्थही त्याच्यामुळे अधिक उलगडला. त्यांनी प्रथम आमची नीट तपासणी केली. झोपेत मोठ्याने घोरता काय, श्वास मध्येच अडकून दचकून उठता काय, पायांत वळवळ होते काय, मन उदास असते काय, रात्री किती वेळा लघवीस उठता, कोणती औषधे चालू आहेत, हे सारे विचारले. यांपैकी काही असेल तर झोप न येणे हे मूळ दुखणे नसून दुसऱ्या दुखण्याची सावली असते आणि उपाय त्या दुखण्यावर करावा लागतो. विशेषतः घोरताना श्वास थांबणे ही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नव्हे. त्यापासून रक्तदाब वाढतो आणि दिवसा गुंगी येते. आमच्या बाबतीत तसे काही निघाले नाही. तेव्हा त्यांनी गोळी दिली नाही, एक वही घालावयास सांगितली.

ही पद्धती नवी नाही आणि अमुक एका वैद्याची नाही. अनिद्रेवर अंथरुणाची सवय बदलून उपाय करण्याची रीत अमेरिकेत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडली. अंथरुणातील वेळच कमी करण्याची रीत आर्थर स्पीलमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली पुढे आणली. जुनाट अनिद्रेत औषधाआधी हाच मार्ग धरावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यसंस्थेने २०१६ साली केली. तिचा सारांश वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देतो.

उठण्याची वेळ एकच ठेवावी. रात्र कशीही गेली तरी ती बदलू नये. रविवार नाही आणि सणवार नाही. डोळ्यांवर खरी झोप आल्यावाचून अंथरुणात जाऊ नये. अंथरूण निजण्यासाठीच आहे. तेथे वर्तमानपत्र, मोबाईल, जमाखर्च आणि वादविवाद नेऊ नयेत. पडून वीसेक मिनिटे झाली असे वाटूनही झोप आली नाही, तर उठावे आणि मंद उजेडात दुसरीकडे बसावे. झोप आली की परत जावे. घड्याळ तोंडासमोरून दूर करावे. दुपारी निजावयाचे असल्यास तीनच्या आत, आणि अर्ध्या तासाहून अधिक नको. सकाळी उघड्यावर उजेडात चालावे. चहा दुपारनंतर घेऊ नये. उद्याच्या काळज्या सायंकाळीच कागदावर उतरवून ठेवाव्यात. धृतराष्ट्राने संजयाचा निरोप त्याच रात्री ऐकून घेतला असता तर रात्र निराळी गेली असती.

यातील सर्वांत कठीण पथ्य म्हणजे अंथरुणातील वेळ कमी करणे. म्हाताऱ्या माणसास नऊ वाजता 'आता पडा' असे सांगण्याची घरोघर प्रेमळ चाल आहे. साठीनंतर गाढ झोपेचा भाग स्वभावतःच घटतो आणि शरीराचे घड्याळ पुढे सरकते. लवकर झोप येते, लवकर जाग येते. सात-आठ तासांची झोप नऊ-दहा तासांच्या अंथरुणावर पसरली की ती पातळ कापडासारखी जागोजागी विरते. म्हणून वहीवरून खरोखर किती झोप लागते ते पाहून तेवढाच वेळ अंथरुणात राहावयाचे, आणि झोप सलग लागू लागली की दर आठवड्यास पाव तास वाढवावयाचा, असा हा क्रम आहे. तो पाच तासांच्या खाली कधी नेऊ नये. ज्यांना अपस्मार आहे, मनाचा उन्मादी विकार आहे, किंवा ज्यांना गाडी वा यंत्र चालवावे लागते, त्यांनी हा क्रम डॉक्टरांवाचून करू नये. गोळ्यांविषयीही एक सूचना: झोपेच्या पुष्कळ गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो आणि रात्री पडून हाड मोडण्याची भीती वाढते, परंतु वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करणे हेही धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी.

आम्ही रात्री अकरा ते पहाटे साडेचार ही वेळ धरली. पहिले दोन आठवडे कष्टात गेले. सायंकाळी सातलाच मान डुलू लागे आणि सौभाग्यवती हलवून जागे करी. पहाटे घाटाच्या पायथ्यापर्यंत चालत जावयाचे आणि डोंगरामागून सूर्य वर आला की परतावयाचे, असा नेम ठेवला. चौथ्या आठवड्यात दोनची जाग नाहीशी झाली. मालमोटारी पूर्वीसारख्याच घाट चढत होत्या. आम्हीच त्यांना ऐकेनासे झालो. आषाढात वहीत साडेसहा तासांची सलग झोप लिहिली गेली. आजही एखादी रात्र जागत जाते. पण तिची धास्ती वाटत नाही, आणि धास्ती गेली म्हणजे अर्धा विकार गेला.

लेख येथे संपला असता तर तो एका म्हाताऱ्याच्या बऱ्या होण्याचा वृत्तान्त झाला असता. परंतु वहीने आणखी एक काम केले. शिक्षकी पेशाची सवय सुटत नाही, म्हणून आम्ही तिच्यात घरातील सर्वांचे रकाने आखले आणि एक आठवडा प्रत्येकाने आपले तास सांगावे असे ठरविले. वहिनींचे दुपारच्या डुलकीसह सात भरले. नातवाचे नऊ. पुतण्याचे, दिवसपाळीत, सात. सूनबाई सांगावयास तयार होईनात, "माझं काय मांडायचं त्यात, काका?" असे म्हणून त्या कामास लागत. शेवटी सौभाग्यवतीने तो रकाना भरला. साडेचारला पाण्याचा नळ, मग डबे, मग शाळा, मग दिवसभराचे घर, रात्री वहिनींचे पाय चेपणे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात पुतण्या मध्यरात्री येई. त्यास गरम वाढून साडेबाराला त्या निजत. बेरीज चार तासांची झाली. त्यांची सततची डोकेदुखी आणि हातातून वस्तू निसटणे यांवर घरात वर्षभर काढे चालले होते. झोप मोजण्याचे मात्र कोणास सुचले नव्हते, कारण घरातील बाईची झोप ही मोजण्याची वस्तू आहे असे आपल्या घरांत सहसा कोणी मानीत नाही.

विदुराच्या यादीत ज्या वर्गाची भर घालावी असे आम्ही म्हटले तो हा. दुसऱ्याच्या झोपेसाठी, पोटासाठी आणि मालासाठी जो जागतो तो. घाटातील चालक जागतो म्हणून सकाळी पेठेत भाजी आणि औषधे येतात. शेजारचे बागायतदार जागतात म्हणून कांदा वाढतो. सूनबाई जागत होत्या म्हणून आम्ही सारे वेळेवर उठत, जेवत आणि निजत होतो. यांच्या अनिद्रेस वही, पथ्य आणि दुधाचा पेला पुरत नाही. त्यांना दुसऱ्या कोणीतरी वेळ मोकळा करून द्यावा लागतो. मालकाने, सरकारने, किंवा घरच्या माणसांनी.

घरच्यापुरते तरी ते अवघड नव्हते. आम्ही साडेचारला उठतच होतो. नळाचे पाणी आणि दूध आमच्याकडे आले. पुतण्याने आपले ताट आपण गरम करून घ्यावे असे वहिनींनीच सांगितले, आणि वहिनींनी सांगितल्यावर त्यावर कोणी बोलले नाही. पाय चेपण्याचे काम नातवाकडे गेले. त्या वेळात त्यास गोष्ट ऐकावयास मिळते, म्हणून तो तक्रार करीत नाही. सूनबाई आता साडेदहाला निजतात आणि साडेपाचला उठतात. पहिल्या दिवशी त्या सवयीने साडेचारलाच उठून बाहेर आल्या आणि नळापाशी आम्हांस पाहून ओशाळल्या. आम्ही म्हटले, "जा बेटा, अजून एक तास आहे." त्या गेल्या.

एकत्र कुटुंबात अनेक वयांची माणसे असतात आणि त्यांच्या झोपेच्या वेळा निसर्गतःच निराळ्या असतात. म्हातारा पहाटे जागा असतो, तरुण मध्यरात्रीपर्यंत जागू शकतो, आणि लेकुरवाळीस दोन्ही टोकांस ओढाताण असते. ही विषमता आपत्ती मानली तर घरात कुरबुर होते. तीच वाटून घेतली तर प्रत्येकाच्या जागण्यात दुसऱ्याची झोप सुरक्षित राहते. वाचकांनी एक साधी वही घ्यावी, घरातील जितकी माणसे तितके रकाने आखावे आणि आठ दिवस ते प्रामाणिकपणे भरावे. ज्याचा रकाना भरावयास सर्वांत उशीर लागेल, त्याच्याकडेच प्रथम लक्ष द्यावे.